स्पँग्लिश (२००४): मालकीण दुष्ट नाही, उदार आहे. घोळ तिथंच आहे

दुपारचा_शो

आधीच सांगते, पुढे कथा शेवटापर्यंत फोडली आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी बघून मग या.

'स्पँग्लिश' पुन्हा पाहिला. १७ डिसेंबर २००४ ला अमेरिकेत लागला होता. दिग्दर्शक जेम्स एल. ब्रुक्स, पोस्टरवर अ‍ॅडम सँडलर, त्यामुळे धमाल बघायला गेलेल्यांची निराशा झाली असणार. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून जगभरातून साडेपाच कोटींच्या आसपास मिळाले, म्हणजे आपटलाच. तरी माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात. फ्लोर लहानग्या मुलीला घेऊन मेक्सिकोतून लॉस एंजेलिसला येते. कित्येक वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीतच राहते, इंग्रजीवाचून तिचं काही अडत नाही. मग मुलगी क्रिस्टीना वयात यायला लागते, नाचाच्या कार्यक्रमात एका मुलाचे हात जरा जास्तच खाली सरकतात आणि आई ठरवते की आता संध्याकाळी घरी असायलाच हवं. दोन नोकऱ्यांऐवजी एकच, पण बऱ्या पगाराची. त्यासाठी ती वस्तीच्या बाहेर पडते आणि क्लास्कींकडे घरकामाला लागते. जॉन (सँडलर) नावाजलेला शेफ. त्याची बायको डेबोरा, नुकतीच नोकरी गेलेली आणि घरात मावत नसलेली. डेबोराची आई एव्हलिन, एकेकाळची जॅझ गायिका, आता दिवसभर हातात ग्लास. मुलगी बर्नीस आणि धाकटा जॉर्जी.

आता मुद्दा. मोलकरीण आणि श्रीमंत घर म्हटलं की आपण अपमानाची वाट बघत बसतो. पगार बुडवतील, चोरीचा आळ घेतील, उष्टं देतील. इथं यातलं काहीच होत नाही. पगार वेळेवर, बोलणं गोड. सगळं नुकसान होतं ते देण्यातून. उन्हाळ्यात क्लास्की मालिबूला समुद्रकाठी घर भाड्याने घेतात, तिथं रोज बसने येणं जमणारं नाही, म्हणून फ्लोरला मुलीसह राहायला यावं लागतं. आणि पहिल्याच सकाळी डेबोरा क्रिस्टीनाला आईला न विचारता फिरायला घेऊन जाते, केसांत रंगाच्या बटा करून आणते. नंतर तिला बर्नीसच्या खासगी शाळेत शिष्यवृत्ती मिळवून देते, तीही आईच्या आधी मुलीला सांगून. जॉनसुद्धा यातून सुटत नाही. समुद्रावर सापडणाऱ्या गुळगुळीत काचा गोळा करून आणा, पैसे देतो, असं तो मुलांना सहज बोलून जातो. क्रिस्टीना इतक्या आणते की तिच्या हातात शेकडो डॉलर पडतात. आई दिवसभर खपून जे कमावते ते मुलीला खेळता खेळता मिळालं. फ्लोरचा जो भडका उडतो तो डेबोरावरच्या रागाइतकाच खरा आहे.

नकार द्यावा तर कृतघ्न ठरायचं, घ्यावं तर मुलगी हातातून जायची. ही अडचण इतक्या नेमकेपणाने मांडलेला दुसरा विनोदी सिनेमा मला माहीत नाही. तुमचं काय मत?

---

खारेदाणे

मस्त लिहिलंय. मी मात्र या सिनेमाकडे फक्त त्या सँडविचसाठी परत परत जातो. रात्री जॉन एकटा स्वयंपाकघरात, बेकन, चीज, टोमॅटो, लेट्यूस आणि वरून अर्धवट शिजलेल्या बलकाचं अंडं. सुरी फिरते आणि बलक खाली ओघळतो. थॉमस केलर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या 'द फ्रेंच लाँड्री'चे शेफ, सल्लागार होते आणि त्यांनी सँडलरला हे करायला शिकवलं. पडद्यावर शेफ दाखवताना हात खोटे दिसतात, इथं दिसत नाहीत.

---

मधली_रांग

धाग्याशी निम्मी सहमत, निम्मी अजिबात नाही.

देण्यातून होणारं नुकसान, मान्य. पण डेबोराला उदार म्हणणं म्हणजे सिनेमाने तिला जे दिलं नाही ते आपण पदरचं द्यायचं. ब्रुक्सला ही बाई मुळात आवडतच नाही. ती धावायला जाते तर रस्त्यावरच्यांवर ओरडत, पलंगावर हास्यास्पद, मुलीला मुद्दाम एक माप लहान कपडे आणून वजन कमी करायला लावणारी, वर घरांच्या दलालाबरोबर लफडं. टिआ लिओनीने जीव तोडून काम केलंय, पण तिला माणूस म्हणून उभं राहायला एक प्रसंग मिळत नाही. नोकरी गेलेली बाई, स्वतःची ओळखच पुसली गेल्यासारखी घरात फिरतेय, यात केवढा सिनेमा होता! ते एका वाक्यात उरकलं.

आणि जॉन? संत. रेस्टॉरंटला वृत्तपत्राकडून चार तारे मिळाले तर याला दुःख, की आता लोकांची नजर बदलेल. असा नवरा लेखकाच्या टेबलावरच जन्माला येतो.

---

दुपारचा_शो

मधली_रांग, जॉनबद्दल तुमचं खरं आहे, तो फार सोज्वळ आहे. पण काचांचा प्रसंग त्याच्याच हातून घडतो हे विसरू नका. चांगला माणूसही न विचारताच देतो, म्हणून तर तो प्रसंग मला डेबोराच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा वरचा वाटतो. तिथं खलनायक कुणी नाही.

---

कोरा_चहा

त्याच प्रसंगातल्या अभिनयाबद्दल कुणी बोलत कसं नाही? फ्लोर संतापून स्पॅनिशमध्ये सुटलेली, तिला इंग्रजी येत नाही, जॉनला स्पॅनिश येत नाही आणि मध्ये क्रिस्टीना. दुभाषी तीच, भांडणाचं कारणही तीच. आईचं वाक्य संपायच्या आत ती इंग्रजीत म्हणते, आईच्याच हातवाऱ्यांसकट, आईच्याच ठसक्यात. शेल्बी ब्रूस तेव्हा लहान मुलगी होती, आणि हा प्रसंग तिने खेचून नेलाय. हसू येत राहतं आणि पोटात गोळाही.

स्पॅनिश संवादांना सबटायटल्स नाहीत हा निर्णयही धाडसाचा. क्लास्कींना जेवढं कळतं तेवढंच इंग्रजी प्रेक्षकाला कळावं. मुलीने भाषांतर केलं तर कळणार, नाहीतर चेहरा वाचा.

एव्हलिन झालेल्या क्लोरिस लीचमनसाठी दोन ओळी हव्यातच. ही भूमिका आधी अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट करणार होत्या, आजारपणामुळे त्यांना सोडावी लागली. लीचमन आणि ब्रुक्सचा संबंध सत्तरच्या दशकातल्या 'मेरी टायलर मूर शो' या टीव्ही मालिकेपासूनचा. एव्हलिन दारू सोडते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, हा या सिनेमातला सगळ्यात कडू विनोद. लीचमनना स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचं नामांकन मिळालं होतं, हॅन्स झिमरच्या संगीताला गोल्डन ग्लोबचं.

---

पिवळी_टॅक्सी

लॉस एंजेलिसमध्ये राहतो, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. लांब आहे, सहन करा.

सिनेमा मालिबूच्या मुक्कामाला आई-मुलीची गोष्ट मानतो. ती कामाच्या तासांचीही गोष्ट आहे. राहायला आलेल्या बाईचं काम संपतं कधी? १९३८ च्या केंद्रीय वेतन कायद्यात घरकाम करणाऱ्यांना जागाच नव्हती. १९७४ मध्ये त्यांना किमान वेतनाच्या कक्षेत आणलं, पण मालकाच्या घरी राहणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम दिला नाही. राज्यांनी पुढे आपापले कायदे केले. घरकामगारांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा न्यूयॉर्कने २०१० मध्ये पहिल्यांदा केला. कॅलिफोर्नियाचा २०१३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, तोही मुख्यतः मुलं आणि वृद्ध सांभाळणाऱ्यांच्या ओव्हरटाइमपुरता. सिनेमातली फ्लोर २००४ ची आहे. रात्री शिवणकाम करत बसते तेव्हा तिचे तास मोजायचं क्लास्कींच्या मनात येत नाही, आणि प्रेक्षकाच्याही.

दुसरं, कागदपत्रं. आई-मुलगी सीमा कशी ओलांडतात ते सिनेमा एका विनोदात दाखवून पुढे सरकतो आणि मग त्या वाटेला फारसा जात नाही. आता गंमत बघा. सिनेमा लागण्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी, १० डिसेंबर २००४ ला, बर्नार्ड केरिक यांनी होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) खात्याच्या मंत्रिपदासाठी सुचवलेलं आपलं नाव मागे घेतलं. कारण दिलं ते घरी ठेवलेल्या आयाच्या कागदपत्रांचं आणि न भरलेल्या करांचं. त्याआधी १९९३ मध्ये झोई बेर्ड यांचं अ‍ॅटर्नी जनरलपद (न्याय खात्याचं मंत्रिपद) असंच हुकलं होतं. म्हणजे अख्ख्या अमेरिकेत बातम्यांत हाच विषय, आणि थिएटरात मात्र क्लास्कींना त्याची चिंता नाही.

तिसरं, आणि इथं धागाकर्तीशी थोडा वाद. पिअरेट होंडाग्न्यू-सोटेलो या समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'डोमेस्टिका' हे पुस्तक २००१ मध्ये आलं. याच शहरातल्या, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या घरकामगार बायकांशी बोलून लिहिलेलं. त्यात राहून काम करणाऱ्या, रोज येऊन-जाऊन करणाऱ्या आणि आठवड्याची साफसफाई करणाऱ्या असे तीन वेगळे प्रकार नीट उलगडलेत. राहून काम करणारीचं एकटेपण सगळ्यात जास्त. पण अनेक बायकांची तक्रार मालक फार जवळ येतात अशी नव्हती, उलटी होती. मालकांना आपल्याशी बोलायलाही वेळ नसतो, आपलीही मुलंबाळं आहेत हे त्यांच्या गावी नसतं, अशी. तेव्हा जवळीक हाच दोष, असं सरसकट म्हणता येणार नाही. डेबोराने फ्लोरशी दहा मिनिटं बसून तिच्या मुलीबद्दल विचारलं असतं तर?

---

दुपारचा_शो

पिवळी_टॅक्सी, पुस्तकाबद्दल आभार. यात वाद कुठे आहे? जवळीक वाईट असं मी म्हटलंच नाही. डेबोराची जवळीक फ्लोरशी नाहीच, ती थेट क्रिस्टीनाशी आहे. आई तिला भांडी आणि चादरींपुरती हवी, आणि मुलगी मात्र आपली म्हणून मिरवायला. देखणी, चुणचुणीत, सडपातळ. बर्नीसमध्ये जे सापडलं नाही ते.

---

निवांत_पाटी

पात्रनिवडीबद्दल एक बोच. लुपे ओंतिव्हेरोस आठवतात का? टेक्सासमध्ये जन्मलेली, पदवीधर, आधी समाजसेविका म्हणून काम केलेली अभिनेत्री. तिने मुलाखतीत सांगितलं होतं की आपण मोलकरणीची भूमिका दीडशेच्या आसपास वेळा केली असेल. बहुतेकदा दार उघडायचं, ट्रे ठेवायचा, जायचं. शेवटी एकदा हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओने मोलकरणीला गोष्टीच्या मध्यभागी आणलं, तर भूमिका गेली स्पेनच्या सेव्हियात जन्मलेल्या पास वेगाकडे. तिचं काम सुंदर आहे, वाद नाही. चित्रीकरणाच्या वेळी तिला स्वतःलाही इंग्रजी जेमतेमच येत होतं, त्याचा फायदा दिसतो. पण मेक्सिकन स्पॅनिश कानात असलेल्या माणसाला ते खटकतं.

शिवाय तिचं सौंदर्य. एव्हलिन आणि डेबोरा पहिल्याच भेटीत तिच्या दिसण्यावर बोलतात, म्हणजे लेखकाला अडचण माहीत होती. पन्नाशीची, गुडघे दुखणारी फ्लोर असती तर जॉन असा विरघळला असता?

---

खारेदाणे

गुडघे दुखणाऱ्या फ्लोरचा सिनेमा सँडलरला घेऊन ८ कोटीत कुणी काढला नसता. :)

---

उशिरा_आलेली

प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं काम काही वर्षं केलंय, म्हणून राहवत नाही. इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ लावून उन्हाळाभरात फ्लोर ज्या वेगाने बोलू लागते तो सिनेमातलाच वेग. दिवसभर काम करून रात्री वर्गात बसणाऱ्या बायका वाक्य जुळवताना किती थकलेल्या असतात!

पण ब्रुक्सने एक गोष्ट अचूक पकडलीय. तिला इंग्रजी शिकायला लावतो तो पगार नाही, बढती नाही, अमेरिकेचं स्वप्न तर नाहीच. मुलीला मध्ये न घेता भांडता यावं म्हणून ती शिकते. माझ्या वर्गातल्या बायकांनाही हेच हवं असायचं. डॉक्टरपुढे, शाळेतल्या बाईंपुढे पोराला दुभाषी म्हणून उभं करायची लाज.

---

मधली_रांग

आता खऱ्या वादाकडे येऊ. शेवट.

फ्लोर नोकरी सोडते, ठीक. जॉन तिच्यासाठी रात्री रिकाम्या रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करतो, दोघं एकमेकांना सांगून टाकतात आणि पुढे जात नाहीत, तेही ठीक, तो प्रसंग तर मला फारच आवडतो. दिवसभर दुसऱ्यांना वाढणारी बाई एकदा बसून खाते. पण ती क्रिस्टीनाला शाळेतूनही काढते. का? शिष्यवृत्ती मुलीने गुणांवर मिळवली असेल, फी डेबोराच्या खिशातून जात नव्हती. मुलगी रस्त्यावर रडत ओरडते की माझं वाटोळं केलंस, आणि सिनेमा आईच्या बाजूने व्हायोलिन वाजवतो.

धागाकर्तीचाच निकष लावा. डेबोराने न विचारता शाळेत घातलं म्हणून ती चूक. फ्लोरने न विचारता काढलं. मग?

---

जुनी_वही

इथं सिनेमाची चौकट लक्षात घ्यावी लागेल. सगळी गोष्ट आपण ऐकतो ती मोठ्या झालेल्या क्रिस्टीनाच्या आवाजात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेला तिचा निबंध, आयुष्यावर सर्वांत जास्त प्रभाव पाडणारी व्यक्ती कोण, वगैरे. म्हणजे खासगी शाळेविनाही ती तिथवर पोचलीच. वाटोळं झालं नाही.

---

मधली_रांग

जुनी_वही, हेच तर मला फसवं वाटतं. निबंध लिहिणारी मुलगी प्रवेश समितीला सांगणार का, की आईने माझी शाळा सोडवली याचा मला अजून राग येतो? ती आईला देवी करून दाखवणारच. अर्जातला निबंध म्हणजे साक्ष नव्हे. लग्नाच्या स्थळासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात मुलगा रागीट आहे असं कुणी लिहितं का?

आणि ज्या जगातून आईने तिला ओढून बाहेर काढलं, त्याच जगाच्या सगळ्यात मोठ्या दारावर ती आईचीच गोष्ट घेऊन उभी आहे. हा उपरोध ब्रुक्सला दिसला होता का, याबद्दल मला शंका आहे.

---

पिवळी_टॅक्सी

मधली_रांग, +१. पण दिसला असावा. निबंधाच्या शेवटी ती म्हणते की प्रवेश मिळाला तर आनंद होईल, पण त्यावरून मी कोण ते ठरणार नाही. आणि प्रवेश मिळाला का हे आपल्याला सांगितलेलं नाही. मिळाला असं दाखवायचा मोह हॉलिवूडला सहज झाला असता.

---

दुपारचा_शो

मधली_रांग, तुमच्या निकषाच्या प्रश्नाला उत्तर देते.

फ्लोर विचारते. उशिरा, पण विचारते. मुलगी म्हणते मला जरा एकटं राहू दे, अंतर हवंय. हे वाक्य तिने क्लास्कींकडे उचललेलं, आपल्या वस्तीत ते कुणी बोलत नाही. आई आधी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगते की आपल्यात अंतर नाही. आणि मग विचारते की माझ्यापेक्षा अगदी वेगळं कुणी व्हावं, हेच तुला हवंय का. संपूर्ण सिनेमात क्रिस्टीनाला खराखुरा प्रश्न विचारणारी ती एकटीच. डेबोरा तिला कपडे, केस, शाळा, मैत्रिणी सगळं देते, पण तुला काय व्हायचंय हे विचारत नाही.

निर्णय बरोबर होता का? मला तो कठोर वाटतो. मी असते तर शाळा ठेवली असती. पण शाळा ठेवायची म्हणजे डेबोराच्या गाडीतून जाणं-येणं, बर्नीसच्या घरचे वाढदिवस, सुट्टीत मालिबू. नोकरी सोडून नातं तुटलं नसतं, उलट आता फ्लोर त्या घरात नसताना मुलगी तिथं असती. ही भीती काल्पनिक नाही.

---

मधली_रांग

निर्णय घेऊन झाल्यावर विचारलं, एवढंच नोंदवते. बाकी तुमचं म्हणणं पोचलं.

---

उशिरा_आलेली

बर्नीसचं नाव सगळ्यांनी ओझरतं घेतलंय. माझ्या मते हिशेब तिच्यापाशी अडतो.

आई एक माप लहान कपडे आणते आणि मुलीचं तोंड उतरतं. त्या रात्री फ्लोर सगळे कपडे उसवून, शिवणीत दडलेलं कापड मोकळं करून पुन्हा शिवते. सकाळी इंग्रजीचे दोन-तीन शब्द पाठ करून येते, घालून तर बघ. बर्नीस आधी नाही म्हणते, मग घालते आणि कपडे होतात. मला वाटतं या सिनेमातला हा सगळ्यात सुंदर प्रसंग. पण धाग्याच्या मुद्द्याने बघितलं तर फ्लोरनेही दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत आईला न विचारता हात घातलाच की. काचांच्या भांडणात जॉन तिला नेमकं हेच ऐकवतो, आणि तिला ते पटतंही.

फरक एवढाच की फ्लोरने बर्नीसला आहे तशी राहू दिलं आणि डेबोराने क्रिस्टीनाला बदललं. फ्लोर निघून जाते तेव्हा क्रिस्टीनाला आई तरी असते. बर्नीसला त्याच आईबरोबर त्याच घरात राहायचंय. जॉन आहे, आजी आता शुद्धीवर आहे, पण कपडे उसवणारं कुणी नाही. कॅमेरा मात्र बसमधून जाणाऱ्या आई-मुलीबरोबर जातो.

---

कोरा_चहा

उशिरा_आलेली, दंडवत. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

बर्नीसचं काम करणारी सारा स्टील नंतर 'द गुड वाइफ' आणि 'द गुड फाइट' या टीव्ही मालिकांमध्ये मॅरिसा गोल्ड म्हणून दिसते, तोंडाळ, कुणाच्या बापाला न भिणारी. ती बघताना मी प्रत्येक वेळी मनात म्हणतो, बर्नी, सुटलीस ग बाई त्या घरातून.

---

खारेदाणे

आता पुन्हा बघणं आलं. या वेळी सँडविचच्या पुढेही बघेन म्हणतो. 'द गुड वाइफ' कुणी पूर्ण पाहिली असेल तर वेगळा धागा काढा, इथं नको.